बाळानं शू करेपर्यंत

बाबा, पेणच्या दवाखान्यात पहिला पेशंट यायच्या आधी आपण दोघं चहात पाव बुडवून खायचो. मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलवरून सुट्टीला आलेली असायचे आणि तुम्ही चिडवायचात, "सिस्टरांनी पाव असा बुडवायला शिकवला का?" अशाच एका सकाळी मिठागरावर काम करणारी एक बाई जुलाबानं गळून गेलेलं पोर घेऊन आली. तुम्ही त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीत. कातडीची घडी हळूहळू सपाट झाली. डोळे खोल गेलेले, रडतंय पण टिपूस नाही. हे सगळं मला दाखवून तुम्ही उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ कालवलंत आणि चमचा त्या बाईच्या हातात दिलात. ती भडकलीच.

"सलाइनची बाटली लावा, डाक्टर! मीठ तं आमच्या आगरान ढिगानं हाय. त्याचं पानी पाजायला इतक्या लांब आले व्हय मी?"

"मीठ तुझं गो, माप माझं. पितंय ना ते? पीत नसतं तर मीच बाटली लावली असती. आता यानं शू केल्याशिवाय घरी जायचं नाय."

पोरानं पहिले चमचे ओकून टाकले. बाई निघालीच होती. "थोडं थांब, मग परत दे. सावकाश," म्हणत तुम्ही तिच्याशेजारी बाकावर बसलात. बाहेर रांग वाढतेय, कुणी ओरडतंय, "डाक्टर, आमाला मेल्यावर बघनार काय?" तुम्ही हलत नाही. ऊन दारातून आत येतं, आणि पोर तुमच्या पांढऱ्या पँटवर मुततं. "नळ आला गो!" तुम्ही ओरडलात. ती बाई हसता हसता रडायला लागली.

पुढे मेडिकलच्या जाड पुस्तकांत हेच वाचलं. रोह्याला दवाखाना टाकल्यावर हेच करत आले. नव्या डॉक्टरांनाही सांगते, पोर पितंय का ते आधी बघा. ते मान डोलावतात. शेजारी बसायला मात्र त्यांना वेळ नसतो. मलाही रोज होता असं नाही.

एक तुम्हाला कधी बोलले नाही. त्या सकाळी मीही मनात म्हणत होते, लावा ना बाबा बाटली. पोराचे डोळे बघवत नव्हते.

तुम्ही नसताना हे पत्र टाकायचं कुठे? घडी घालून ठेवते. दवाखाना आता बंद करतेय. तान्ह्यांचा वजनकाटा निडीच्या नर्सबाईंना द्यायचा, औषधांचं कपाट अष्टमी गावातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना, आणि तुमची पुस्तकंही त्यांनाच. तुमचा स्टेथोस्कोप मात्र कुणाला द्यायचा नाही, असं मुलीला बजावून ठेवलंय. त्याची रबरी नळी चिरलीय, काही ऐकू येत नाही. तरी तो माझ्याकडेच राहू दे.