मंगळवारी मी मेलो नव्हतो, त्याबद्दल

कास्तेल्गुआर्दा (बाझिलिकाता),
गुरुवार, १८ सप्टेंबर

तीर्थरूप दोनाताताईस,

धाकट्या कानियोचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तुरीनच्या तुझ्या इमारतीतली लिफ्ट सुरू झाली की अजून दुरुस्तीची पाटीच लटकते आहे? भाऊजींना नमस्कार सांग, आणि त्यांनी दिलेली पोटाची गोळी न घेताही पोट बरं आहे हेही सांग. माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य पत्रात लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलेलं नाही. या आठवड्यात त्याचा पुरावा द्यावा लागला.

तुझी आज्ञा अशी होती : सोमवारी गावी पोचायचं, मंगळवारी काही म्हणजे काही न करता विश्रांती घ्यायची आणि बुधवारी ताज्या डोक्याने नोटरीसमोर बसून आईचं घर त्या डच नवराबायकोच्या नावावर करून द्यायचं. (दमलेला असलो की मी कुठेही सही करतो, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. माझी मिकेलिना, देव तिला शांती देवो, तीही हेच म्हणायची आणि लग्नाच्या नोंदवहीकडे बोट दाखवायची.) तेव्हा सोमवारी बसमधून उतरलो, बॅग घेऊन चढ चढलो, तर समोरची इनकोरोनातामावशी दारात लाल मिरच्या दोऱ्यात ओवत बसलेली. वय एक्क्याऐंशी, दात तीन, नजर मात्र घारीची. मी एवढंच म्हणालो, "मावशी, फार दमलोय गं. उद्या मला कुणी उठवू नका." या वाक्याचं पुढे काय झालं ते वाच.

आईच्याच पलंगावर झोपलो. सकाळी जाग आली, पण तुरीनमध्ये सुट्टीच्या दिवशी करतो तसं खिडकीची झडप बंदच ठेवून अंधारात लोळत राहिलो. इथेच घोडचूक झाली. आपल्या गल्लीत सातच्या घंटेच्या आत रस्त्याकडची झडप उघडावी लागते, हे चाळीस वर्षं कारखान्यात लोखंड ठोकताना डोक्यातून पार गेलं होतं. आठवतं का ताई, आई अंगात ताप असतानासुद्धा उठायची, झडप उघडायची आणि पुन्हा येऊन झोपायची! आपण हसायचो. 'लोकांना उगाच घोर नको,' म्हणायची ती.

साडेसातला दार वाजलं. मी उशी कानावर घेतली. आठला पुन्हा वाजलं. तुझी आज्ञा आठवून मी हूं की चूं केलं नाही. मग खाली कुजबुज सुरू झाली, आणि आपली गल्ली कुजबुजते म्हणजे किती मोठ्याने, ते तुला ठाऊक आहे.

"काल मला स्वतःच्या तोंडाने म्हणाला, मला आता उठवू नका," मावशी सांगत होती. "कळलं होतं गं त्याला. माणसाला कळतं."

"आयुष्य तिकडे घालवलं आणि मरायला बरोबर इथे आला," कुणीतरी म्हणालं.

"हुशारच होता पहिल्यापासून," हे जेरार्दो न्हाव्याचं मत. (शाळेत माझ्याच वहीतून गणितं उतरवायचा, त्याला माहीत असणारच.)

आता तू म्हणशील, गाढवा, तेव्हाच उठून खिडकीत का नाही आलास? येणारच होतो. पायात एक सपातही घातली होती. तेवढ्यात मावशी रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "माझ्या झाडाची अंजिरं चोरायची दोघं भावंडं. बाप गेल्यावर पोटाला पुरत नव्हतं त्यांना. मागून आणलेलं आईने खाऊ दिलं नसतं. म्हणून मी खालच्या फांदीची अंजिरं कधी तोडलीच नाहीत. दरवर्षी तशीच ठेवायची. पोरांना वाटायचं, मावशी आंधळी आहे."

ताई, मी एक सपात घालून पलंगाच्या कडेला तसाच बसलो. आपण केवढ्या शिताफीने चोरायचो गं ती अंजिरं! तू भिंतीपाशी पहारा द्यायचीस, मी फांदी वाकवायचो. साठ वर्षं मी स्वतःला पट्टीचा चोर समजत होतो. मला रडू आवरेना.

त्या रडण्याचा आवाज खाली गेला असता तर प्रकरण मिटलं असतं, पण नेमकी देवळात मयताची घंटा सुरू झाली. माझीच. घंटा ऐकून गल्ली कामाला लागली. मयताच्या घरी चूल पेटवायची नाही, म्हणून कोंबडीचा रस्सा निघाला, खिम्याचे गोळे निघाले, कॉफी आणि साखर निघाली. आईने मावशीकडे ठेवायला दिलेली किल्ली अजून तिच्या कमरेलाच होती. दार उघडलं, आणि ती, फादर रोक्को आणि मयताची दाढी करायला वस्तरा घेतलेला जेरार्दो असे तिघे वर आले. मी म्हणालो, "या, बसा."

फादरनी छातीवर क्रुसाची खूण केली. मावशीने माझ्या गालाला हात लावून पाहिला, ऊब आहे अशी खात्री करून घेतली, आणि त्याच गालावर सणसणीत एक ठेवून दिली. "जिता आहेस तर खिडकी का नाही उघडलीस, मेल्या?" वस्तरा बाहेर काढलाच आहे म्हणून जेरार्दोने दाढी उरकून घेतली.

मयताच्या घरी आणलेलं अन्न परत न्यायचं नसतं. मग काय, आईच्या टेबलाभोवती आम्ही अकरा जण बसलो आणि माझ्याच सुतकाचं जेवण मी दोनदा वाढून घेतलं. दुपारी सगळे आपापल्या घरी झोपायला गेले, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी झडप सताड उघडी ठेवून आईच्या खुर्चीत बसून होतो. विश्रांती म्हणतात ती त्या दोन तासांत मिळाली.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना आणि मुलांना आशीर्वाद की नमस्कार, जे ज्याला लागू ते.

तुझा धाकटा,
कानियो

ता. क. बुधवारी नोटरीकडे वेळेवर गेलो होतो. डच बाईंनी विचारलं, गाव शांत आहे ना? मी मंगळवारची सगळी हकिगत सांगितली. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण दोष त्यांना देऊ नकोस. ते तयार होते. पेन मीच खाली ठेवलं. ताज्या डोक्याने.

ता. ता. क. रागावण्याआधी एक ऐक. हे तुला सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत तुरीनला मी तापाने चार दिवस पडून होतो. चारही दिवस झडप बंद होती. दार कुणीच वाजवलं नाही. तेव्हा माझा तपकिरी कोट आणि लोकरीचे मोजे पार्सलने पाठव.

आणखी एक. तुझ्या खोलीची झडप गंजून बसली होती, तिला तेल घातलं. आता रोज सातच्या आत तीही उघडणार. आज सकाळी मावशीने खालून विचारलं, "दोनाता आली का रे?" मी सांगितलं, निघाली आहे. तिने यंदाही खालच्या फांदीची अंजिरं तोडलेली नाहीत.