गोव्याचे दोन दिवस

सोलापूर, रविवार संध्याकाळ

क्रूझचे पैसे भरताना ह्यांनी हूं की चूं केलं नाही. पण बोटीवरून उतरल्यावर गोव्यात दोन दिवस राहायचं, तर म्हणे, "हॉटेल कशाला? वत्सलाचं घर आहे की!" वत्सला ह्यांची बहीण. तिचं घर म्हणजे तिचा ओटा. लग्नापासून प्रत्येक सहलीत मी कुणाच्या ना कुणाच्या ओट्याशी पोळ्या लाटल्यात. आता का म्हणून? सरळ सांगितलं, "ओट्याशी तुम्ही उभे राहणार असाल तर चला." मग ह्यांनी स्वतःच बहिणीला फोन लावला. "वत्सू, आम्ही हॉटेलात उतरतोय. जेवायला तूच ये." ती इतक्या चटकन हो म्हणाली, की वाटलं, बिचारीही सुटली असावी. समुद्राकडची खोली महाग आहे खरी. पण नाश्ता त्यातच, आणि तो मी करायचा नाही.