कॅमेरा सोडून सगळं

१२ एप्रिल २००९, सौंदड
कॉम्प्युटर आज तीनदा बंद पडला. रुचिला लिहीत होतो, जेवलो म्हणून, आणि स्क्रीन गोठली. तिकडे पुण्यात पोरगी वाट बघत बसली असणार. फोनवर बोलण्याची सोय जानेवारीतच संपली. अर्धा जबडा आणि जिभेचा तुकडा नागपूरला ठेवून आलो. आता टाइप करीन तेवढंच बोलणं, आणि तेही २००१ सालच्या या डब्याच्या मर्जीवर!
छत्तीस वर्षं पोरांना दात घासायला शिकवलं. खिशात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवून. शहाणा मास्तर.

१९ एप्रिल
गोंदियाला टिकेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. गाडीत ऊन लागू नये म्हणून सगळ्यांचीच तोंडं दुपट्ट्यात. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. उन्हाळा बरा.
चिठ्ठीवर लिहून दिलं: नवीन परवडत नाही, दवाखान्यानं सगळं नेलं. टिकेश हसला. "गुरुजी, ये मशीन तो अजायबघर में रखो." मग भंगारातल्या एका मशीनमधून रॅम काढून दिली. पैसे जबरदस्तीनं त्याच्या हातात कोंबले.

२० एप्रिल
डबा धावतोय. अक्षर टाइप केलं की लगेच उमटतं. फार बरं वाटलं.
रुचिनं लगेच लिहिलं, "बाबा, आता कॅमेरा लावा ना. तुम्हाला बघायचंय." ऑपरेशनला आली तेव्हा तोंडाला पट्ट्या होत्या. पट्ट्या निघायच्या आत मीच तिला परत पाठवलं. त्यानंतर येऊ नको म्हणूनही मीच सांगतो.
लिहिलं, जुन्या मशीनला झेपणार नाही. अगदीच खोटं नाही.

६ मे
कुरिअर आलं. पोरीनं कॅमेराच पाठवला! कपाटात धोतरांच्या खाली ठेवून दिला. तिला कळवलं, विंडोज जुनी, चालत नाही.
बायकोनं, तुलसानं, पाहिलं. "काऊन लपवून राहिले? पोरगीच हाय ना तुमची." मी पाठ फिरवली. दाढी करतानाही मी आरशात पाहत नाही, हे तिला ठाऊक आहे.

७ मे
रुचि लिहिते, "ठीक आहे बाबा. आम्ही मजेत." तुलसाला फोनवरही तेच सांगते. जावई लोकेंद्र कामानिमित्त बाहेर असतो म्हणे. चला, लेक तरी सुखात आहे.

२३ मे
टिकेश इकडे एका लग्नाला आला होता, तसाच घरी आला. कुठलीशी जुनी हार्ड डिस्क बसवली, नवी विंडोज टाकली. चहा पिता पिता म्हणाला, "अब कैमरा भी चलेगा, गुरुजी." तुलसा माझ्याकडे बघत होती.
आता दोष द्यायला एकही पार्ट उरला नाही. रुचिला काहीच कळवलं नाही.

२ जून
आज तिनं कॅमेऱ्याचं विचारलंच नाही. सुटलो असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१४ जून
तपासणीला गोंदियाला जाऊन आलो. आभाळ भरलेलं, गार वारा. रेल्वेच्या डब्यात तोंड झाकलेला मी एकटाच. पाणी प्यायला दुपट्टा थोडा खाली केला तर समोरच्या बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं. तिची चूक नाही. पण मला रडू आलं, सौंदडपर्यंत थांबलं नाही.
रुचिनं असं तोंड फिरवलं तर मी जगणार नाही.

२१ जून
तुलसानं कॅमेरा काढून कॉम्प्युटरपुढे ठेवला. "हेच तोंड पाहून दोन टाइम जेवण उतरते ना माह्या घशाखाली? मंग पोरगी कायले भेईल?"
मी लिहून दाखवायला कागद घेतला. तिनं तो बाजूला सारला.

२२ जून
लावला. दुपट्टा काढून बसलो.
रुचि दिसली. खूप वाळली आहे. माझ्याकडे बघतच राहिली, तोंड फिरवलं नाही. मग मला तिच्या मागचं दिसलं. ओळीनं चार लोखंडी पलंग, दोरीवर बायांचे कपडे. वसतिगृह. लोकेंद्र कुठे आहे, टाइप केलं.
"त्यांनी फेब्रुवारीतच घराबाहेर काढलं, बाबा. तुमचं असं, त्यात हे कसं लिहू? म्हणून तर कॅमेरा पाठवला. वाटलं, तुम्हीच बघाल."
दीड महिना मी माझ्या पोरीकडे पाहिलं नाही.