आफ्रिकेतलं वाईट ऐकायला गेलो, त्याची हकिकत

ती. अक्कास,

समोर वाकलो की तू पाय मागे घेतेस, म्हणून पाय ओढायची सोय नसलेल्या या कागदावरून साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला आणि दाजींचं राजकारण, दोन्ही आटोक्यात असावं. आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

कारण तुला ठाऊक आहेच. धाकटीला घानामधल्या नर्सिंग कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आहे आणि महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. पोरगी म्हणते, आईने हो म्हटल्याशिवाय जाणार नाही. आई म्हणते, मग प्रश्नच मिटला. आणि मी (पाण्याचे पंप विकून हे घर चालवणारा, निदान माझा तसा समज आहे) मध्ये बसून दोन्हीकडे मान हलवतो. शेवटी तुझ्या भावजयीनेच तोडगा काढला. इथल्या वाचनालयाच्या सभागृहात दर शनिवारी आफ्रिकेचं राजकारण, इतिहास आणि विकास यांवर व्याख्यानं चालू आहेत. तिने फर्मावलं, "जाऊन बसा. जे जे वाईट असेल ते ऐकून या आणि पोरीच्या कानावर घाला." लोक तिथे ज्ञान मिळवायला जातात अक्का, मी हेरगिरीला गेलो.

पहिलं व्याख्यान राजकारणावर. मी आपला डोळे मिटून ऐकत होतो. (धंद्याची सवय. पंपाचा बिघाड दिसत नाही, ऐकू येतो.) वक्ता म्हणजे विहीर आटल्यावरही फिरत राहिलेला पंप, आवाज भरपूर आणि पाण्याचा पत्ता नाही. पण वाईट मात्र भरपूर मिळालं! कुठे लष्कराने सत्ता घेतली, कुठे निवडणूकच गुंडाळली. मी खूश होऊन घरी आलो आणि जेवताना सगळं ओतलं. पोरीने शांतपणे विचारलं, "बाबा, हे कुठल्या देशात झालं?" "आफ्रिकेत!" तुझी भावजय ठसक्यात म्हणाली. पोरीने नकाशा आणला आणि तो देश नि तिचा देश यांच्यामध्ये आपली अख्खी वीत ठेवून दाखवली. शेजारच्या दुकानातला चष्मेवालाही आमच्यातलाच. त्याचा साडू नैरोबीत असतो. "पोरीला रात्रीबेरात्री काही लागलं तर साडू धावत जाईल," असा त्याने मला धीर दिला. विमानाने पाच-सहा तास धावावं लागेल, हे त्या साडूला कोणी सांगायचं?

दुसरं व्याख्यान इतिहासावर, आणि तिथे माझा घात झाला. युरोपातल्या राज्यकर्त्यांनी टेबलाभोवती बसून सबंध खंड कसा वाटून घेतला, ते एका म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितलं. ज्यांचं घर वाटलं जात होतं त्यांच्यातलं एकही माणूस त्या खोलीत नव्हतं. आपल्या काकांनी घराची वाटणी केली तेव्हा आपल्याला निदान दाराबाहेर तरी उभं केलं होतं! मी इतका रंगलो की वाईट गोळा करायचं राहूनच गेलं. घरी जाब विचारला गेला. मी म्हणालो, "वाईट झालं खरं, पण त्यांनी केलेलं नाही, त्यांच्यावर झालं." त्या दिवशी मला दुसऱ्यांदा वाढण्यात आलं नाही.

इकडे सभागृहात माझी कीर्ती पसरली होती. डोळे मिटून, मान डोलावत, शेवटच्या टाळीपर्यंत बसणारा माणूस म्हणजे गाढा अभ्यासक, अशी कार्यवाहांची समजूत झाली आणि तिसऱ्या शनिवारी आभाराचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या दिवशीच्या वक्त्या खुद्द घानाच्या, प्राध्यापक. ऐन तरुणपणी आपल्याकडे शिकून गेलेल्या, त्यामुळे आपली भाषा माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतात. विकासावर बोलल्या. काय झालं तेही सांगितलं आणि काय फसलं तेही. आवाजात कुठे खरखर नाही. मी आभाराला उभा राहिलो, पाठ केलेलं सगळं विसरलो आणि तोंडातून निघालं, "बाई, तुमच्याकडे मी माझी पोरगी पाठवू का?"

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी इकडे यायला निघाले तेव्हा माझी आई तुमच्या खंडावरचं एक व्याख्यान ऐकून आली. कुठलीशी लढाई, कुठलासा पूर. त्यातलं काहीच तुमच्या देशातलं नव्हतं. पण घरी आल्या आल्या तिने माझी बॅग लपवली."

तेवढ्यात अगदी मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "मग सापडली का?"

अक्का, हजार पंपांतून मी एक पंप ओळखतो, तो आवाज ओळखणार नाही? मी हेरगिरी नीट करतो की नाही हे बघायला तुझी भावजय रुमालाआड तोंड लपवून येऊन बसली होती! बाई म्हणाल्या, "आईनेच काढून दिली. आत दोन नवे टॉवेल घालून."

तुझ्या भावजयीने अजूनही हो म्हटलेलं नाही.

तुझा धाकटा,
पंपवाला

ता. क. आता पत्राचं खरं कारण. ती या जगात फक्त तुझं ऐकते. महिना संपायच्या आत ये आणि तिची समजूत काढ. गुडघे दाखवायला आले म्हणून सांग, मी बोलावलं हे सांगू नकोस.

ता. ता. क. पाकीट चिकटवणार तोच पोरगी सांगत आली, कपाटावरची तिची बॅग गायब आहे. अक्का, मिळेल त्या गाडीने निघ!

ता. ता. ता. क. घाई करू नकोस. बॅग माझ्याच दुकानात, पंपांच्या खोक्यांमागे सापडली. उघडून पाहिली. दोन टॉवेल, कोरे. वर सुईदोऱ्याची डबी. मी बॅग होती तशी ठेवून दिली आणि दोघींना काही बोललो नाही. पण तू ये मात्र नक्की. विमानतळावर त्या दोघी एकमेकींना सांभाळतील. मला धरायला कोणीतरी हवं, पंपवाल्यालाच गळती लागलेली गिऱ्हाइकांनी पाहिली तर धंद्याचं काय?