सातवं पान

मु. खाडीपाडा, ता. पनवेल
मंगळवार, १० मार्च १९९२

माझ्या समृद्धी बाळा,

आजीच्या दोन्ही हातांचा आशीर्वाद घे. इकडे सगळी धडधाकट आहेत. तुझ्या आयचा खोकला गेला, काळी कोंबडी खुडूक बसली आहे, आंब्याला मोहर बरा आहे. माझे गुडघे काय, ते माझ्याबरोबरच जाणार. तुला अलिबागला जेवणखाण मिळतं ना? नोकरी लागली म्हणून नुसत्या चहावर राहू नकोस.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. कोणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. तीन दुपारी लागल्या. काल तुझा बाप म्हणाला, "आये, रामायन लिवतेस काय?" मी म्हटलं, लिवीन, तुला काय करायचंय? इतका आनंद झालाय मला की काय सांगू! पासष्ट वर्षं ही बोटं जाळी विणत आणि मासे निवडत होती, आता त्यांनी पेन धरलंय. अक्षर वरखाली जातं ते सांभाळून घे. वरची रेघ मी सगळ्यात शेवटी मारते, जाळ्याला वरून दोर ओवतात तशी. तुला माहीत आहेच. वर्गात शिकवताना तूच हसायचीस.

तर तुझं काम. तू लिहिलं होतंस, "आजी, आपल्या साक्षरता वर्गाचा अहवाल मी चौघांना पाठवला आहे, कोणाचं उत्तर नाही. जरा जाऊन विचार, मिळाला का, वाचला का, काय म्हणतात." मी चौघांकडे गेले. पण सांगते बाळा, मला वीट आला. असा वीट आला की दोन दिवस तोंडाला चव नव्हती.

जायच्या आधी मी अहवाल स्वतः वाचला. पिवळं कव्हर, चौदा पानं. पाच दिवस लागले. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, तेवीस बाया बसल्या, तेवीस पास, उद्दिष्ट पूर्ण. आणि सातव्या पानावर तू लिहिलंस की या बायांना अजून तीन महिने सराव हवा, वर्ग बंद केला तर शिकलेलं पुसून जाईल. मला ते पान फार आवडलं. तुझा आवाजच ऐकू आला त्यात.

पहिला नंबर काशिराम सरपंचाचा. ओट्यावर पान खात बसला होता. मी विचारलं, अहवाल मिळाला का रे? म्हणाला, "मिळाला तर! माजा फोटू हाय का त्याच्यात?" आत जाऊन घेऊन आला. मागच्या कव्हरावर चुन्याची बोटं पुसलेली, बाळा. तुझ्या अहवालाला! आणि पानाची लाल पिंक एका कोपऱ्यावर. मला शिसारी आली. मी म्हटलं, सातवं पान वाच. तो म्हणतो, "आता काय वाचायचं म्हातारे, पहिल्या पानावरच लिवलंय पूर्न. पूर्न म्हंजे पूर्न. वर्गाची खोली मोकळी करा, पोरांना क्यारम ठेवायचाय." आणि ठेवला. परवा तुझा फळा मी घरी आणलाय, कोंबड्या त्याच्यावर बसतात म्हणून उलटा लावून ठेवलाय.

मग हेडमास्तर. त्यांनी मला खुर्ची दिली, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "उत्तम अहवाल! भाषा प्रवाही आहे." मी म्हटलं, सातव्या पानावर काय आहे सर? ते चष्मा पुसायला लागले. अहवाल कपाटातून काढला तर पानं एकमेकांना शाईनं चिकटलेली, नखानं सोडवली तेव्हा चर्र वाजलं. शिकलेला माणूस! महिन्याला पगार घेतो तो वाचायला शिकवण्याचाच ना? मला इतकी किळस आली की त्यांनी दिलेलं पाणी मी प्यायले नाही.

तिसरे पनवेलच्या कचेरीतले साहेब. बाजाराच्या दिवशी मी माशांची टोपली शेजारी बसणाऱ्या शोभाकडे ठेवून गेले. दोन तास बाकावर बसले. साहेब म्हणाले, "अहवाल फायलीला लावला आजी." मी म्हटलं, लावला, पण वाचला का? तर ते शिपायाला हाक मारतात, "अरे, इकडे ये, ह्या आजींनी अहवाल वाचलाय!" सगळी कचेरी गोळा. गाभोळीचा मासा बघावा तशी मला बघत होती. एक जण म्हणाला, वाचून दाखवा. मी वाचलं, सातवं पान, अख्खं. टाळ्या वाजवल्या त्यांनी. टाळ्या, बाळा. आणि आपापल्या टेबलाला गेले. मी काय वाचलं ते एकाच्याही कानात गेलं नाही.

आता चौथं सांगायचं आहे. इथं माझं पेन अडतं. कालची दुपार इथंच गेली.

आधी शांतीचं सांगते. माझी धाकटी जाव शांती, तुझी चुलत आजी. वर्गात पहिल्या बाकावर बसायची, पण हात जड. "ब" पर्यंत आली होती बिचारी. ती का शिकत होती तुला ठाऊक आहे, तिचा विठू मस्कतला, त्याची पत्रं ती पोस्टमनकडून वाचून घ्यायची आणि पोस्टमन मग सगळ्या गावाला सांगायचा. आता तुझी यादी शाळेच्या भिंतीला लागलीय. त्यात शांतीचं नाव, पुढे "उत्तीर्ण". पोरं चिडवतात, शांतीबाय म्याट्रिक झाली. आणि विठूचं पत्र येऊन अकरा दिवस झाले. निळ्या काठाचं पाकीट. तिनं फोडलेलं नाही. तांदळाच्या डब्यात ठेवलंय. पोस्टमन म्हणाला, "आता तुमी शिकलेल्या, वाचा तुमचं तुमी." ती लाजून घरात गेली. आता कोणाला सांगणार ती, वाचून दाखव म्हणून?

मी गेले तिच्याकडे. म्हटलं, दे गो, मी वाचते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं! म्हणाली, "माजा पेपर तू लिवलास, बाय. आता माज्या पोराचं पत्र पन तूच वाच. माज्या जागी तूच जग."

हां. लिहिलं मी शेवटी.

परीक्षा ठेवली पाच जानेवारीला, रविवार, सकाळी आठला. कोणी ठरवलं? ज्याला खाडी माहीत नाही त्यानं. अमावास्येची ओहोटी होती, बाळा. अशा ओहोटीला पहाटेच्या अंधारात बाया शिंपल्यांतल्या शिवल्या आणि खेकडे काढायला चिखलात उतरतात, त्या पाणी चढेपर्यंत वर येत नाहीत. महिन्यातले ते तीनचार दिवस सोडले तर घर काय खाणार? तुला त्या दिवशी दुसऱ्या गावच्या परीक्षेला पाठवलेलं. आपल्याकडे आलेला परीक्षक पेपर वाटून काशिरामकडे चहाला गेला तो गेलाच. सात जागा रिकाम्या. शांतीची, मालूची, आणखी पाच जणींची. सात कोरे पेपर बाकावर वाऱ्यानं फडफडत होते. मला वाटलं, माझ्या नातीच्या वर्गाला कोणी नावं ठेवील. माझा पेपर झाला होता. मी शांतीचा ओढला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, पाच शब्द लिहिले, बेरीज केली. मग मालूचा. खरं सांगू? मला मजा आली. सात वेळा वेगळ्या बाईचं नाव लिहिलं, सातव्याला हात अगदी सुटला होता. त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत आले.

आता चौथी. वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या सुनीताबाई. पनवेलला त्यांच्या घरी गेले. फार गोड बाई. कोकम सरबत दिलं, म्हणाल्या, "गोदूबाई, एकोणतीस तारखेला तुमचा सत्कार करायचाय, शाल, नारळ. तेवीसपैकी तेवीस म्हणजे काय गंमत आहे!" मी म्हटलं, बाई, पेपर आहेत का? त्यांनी कपाटातून गठ्ठा काढला. मी माझा काढला आणि ते सात काढले, त्यांच्या टेबलावर ओळीनं मांडले. आठही पेपर. आठांवर तीच वरखाली अक्षरं, तीच शेवटी ओवलेली रेघ. मी बाजूला सरले. म्हटलं आता बघतील, आता ओरडतील. त्यांनी चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाल्या, "किती छान! सगळ्यांचं अक्षर अगदी सारखं. समृद्धीनं काय सुंदर वळण लावलंय!"

बाळा, मला भडभडून आलं. उरलेलं सरबत मी तसंच ठेवलं. मी म्हटलं, बाई, हे सगळे माझे आहेत. त्या हसल्या, म्हणाल्या, "हो हो, सगळ्या तुमच्याच तर मुली."

मी टोपली घेतली आणि चालत स्टँडवर आले. येष्टीत विचार केला. ह्या चौघांची मला किळस येते, कारण ते बघत नाहीत. पण ते बघत नाहीत ह्याच्याच भरवशावर मी ते पेपर लिहिले ना? मग किळस कोणाची यायला हवी? तेव्हापासून मला माझ्या बोटांना वास येतोय, तीन दिवस लिंबानं धुतली तरी जात नाही. मासळीचा वास मला कधी घाण वाटला नव्हता.

म्हणून मी एक कागद लिहिला आहे. सात जणींची नावं आणि खाली, यांचे पेपर मी लिहिले, या बायांना वाचता येत नाही, वर्ग परत सुरू करा. परवा गुरुवारी जाऊन तो साहेबांच्या टेबलावर ठेवणार, एक सुनीताबाईंना, आणि एक शाळेच्या भिंतीवर त्या यादीच्या शेजारी डकवणार. पहिल्या पानासारख्या मोठ्या अक्षरात. म्हणजे वाचतील.

मला कळतं, तुझी नोकरी ह्याच तेवीसवर लागली. म्हणून तुला आधी सांगते. तू थांब म्हणालीस तर तुझं पत्र मी नीट वाचीन, दोनदा वाचीन, पण थांबणार नाही.

एकच विचारायचं राहिलं. तो गठ्ठा आधी तुझ्याकडे मोजायला आला होता. साहेबांचं सोड, सुनीताबाईंचं सोड. माझं अक्षर तू घडवलंस. माझी रेघ बघून तू हसायचीस. तू ओळखलं नाहीस, की ओळखलंस?

उत्तर पोस्टाने नको. शिमगा आठवड्यावर आला आहे, ये आणि तोंडानं सांग. येताना खडू आण.

समोर शांती ओट्यावर बसली आहे. पाकीट मांडीवर आहे, अजून फोडलेलं नाही. पत्त्यावर बोट ठेवून ओठ हलवते आहे. माझ्याकडे बघत नाही. मी हाक मारलेली नाही. तिचं बोट पहिल्या अक्षरावरून पुढे सरकेल तेव्हा सरकेल.

तुझी आजी,
गोदूबाई
(खाली एकच नाव आहे. माझं.)