दादाच्या नावाची चौदा वर्षं

वहिनी, धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण लाँड्रीत दिवसभर वाफेपुढे उभा असतो, त्यामुळे शेक फुकट मिळतो. तुमचा दमा कसा आहे? औषध पुरवून पुरवून घेत नाही ना?

इथे पेन्शनला पंधरा वर्षं लागतात आणि माझी अकराच भरली. तिकडची नोकरी दाखवली तर दोन्ही देशांतली वर्षं एकत्र धरतात, हे मी कळवलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "भाऊजी, कारखान्यात ह्यांच्या नावावर तुम्हीच राबलात. मी साक्ष देते."

वहिनी, असं कुणापुढे बोलू नका. माझ्याकडे शाळेचा दाखला नव्हता, म्हणून दादाने आपला दिला. त्याच चौदा वर्षांवर आज दादामागे तुमची पेन्शन चालू आहे. ती वर्षं माझी ठरली, तर तुमची पेन्शन त्याच दिवशी बंद होईल.

मला काय, अजून चार वर्षं उभं राहायचं. सत्तरीला अवकाश आहे. मुकादम हल्ली जड गठ्ठे माझ्याऐवजी पोरांकडे देतो.

काल पेन्शन कचेरीत फॉर्म दिला. 'आधीची नोकरी' या रकान्यात 'नाही' लिहिलं. खिडकीवरच्या बाईने चष्मा काढून मला न्याहाळलं. म्हणाली, "इथे येईपर्यंत काहीच काम केलं नाहीत? मग खात काय होतात?"

म्हटलं, "थोरला भाऊ पोसत होता."

तुमचा,
भाऊजी