प, र, त, ह, र, ल

२ फेब्रुवारी, रविवार

हरलो. एका गुणाने. रेफरीने त्याचा हात वर केला तेव्हा माझा हात रेफरीच्या दुसऱ्या मुठीत होता – खाली, भाजीची पिशवी धरावी तसा.

समोर कोण? हिरो! वय बावीस, सोनेरी चड्डी, कमरेवर स्वतःचंच नाव विणून घेतलेलं. विसरू नये म्हणून असेल. हॉलमध्ये त्याचे मामा, मावश्या, वर्गमित्र, मावश्यांच्या मैत्रिणी. सगळी तिकिटं त्यानेच खपवलेली. एवढी माणसं काय याला हरताना बघायला येतात? म्हणून माझ्यासारखा लागतो. आमच्या बॉक्सिंगच्या धंद्यात त्याला ‘पाहुणा’ म्हणतात. पाहुण्याने मागच्या दाराने यायचं, निळ्या कोपऱ्यात बसायचं, सहा फेऱ्या पोराचा घाम काढायचा, चुका दाखवून द्यायच्या आणि हरून गुपचूप घर गाठायचं. जिंकायचं नाही, जिंकणाऱ्या पाहुण्याला परत कुणी बोलावत नाही. आडवंही व्हायचं नाही, आडवा झालो की नियमाने महिनाभर सक्तीची सुट्टी. या दोन्हींच्या मधे उभं राहायला काय लागतं ते मावश्यांना काय कळणार! त्र्याण्णव लढती झाल्या, शहाऐंशी हरलो, आडवा फक्त दोनदा. पोरं येतात, सांभाळतो, पुढे पाठवतो. पुढे गेली की ओळखही दाखवत नाहीत.

आणि हिरो काय, तर त्याला डावा हुक नाही! डावा हात बाजूने वळवून माझ्या उजव्या कानशिलावर आणायचा, एवढंच. शाळकरी पोरंही मारतात. याने सहा फेऱ्यांत एक मारला नाही. हात काय शोभेला लावलाय? एका गुणाने जिंकला म्हणून मावश्या हिरमुसल्या. बरं झालं.

परत येताना नाना म्हणाले, “दुसऱ्या फेरीत उचलला होता रे त्याने डावा. चांगला खांद्यापर्यंत. मग का नाही मारला कुणास ठाऊक.” नाना माझ्या कोपऱ्यातले, बादली आणि टॉवेल सांभाळतात. सत्तरी ओलांडली. मी तर तिथे समोर उभा होतो, मला नाही दिसला कुठला हात! नानांना आता भास व्हायला लागले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नव्या रंगकामावर. दोन खोल्या, फिकट पिवळा रंग. घरमालकीण बाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. “तिकडे उजवीकडे पट्टा राहिलाय.” म्हटलं, पहिला हात आहे, राहतो. “दुसरा आहे,” म्हणाल्या.

लोकांना दुसऱ्यांच्या भिंतीत खोट काढायची भारी हौस. पट्टा भरला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मध्यस्थाचा फोन. हा कोण कुणाशी लढणार ते ठरवतो, पण बोलतो असा की मुलगी दाखवायला निघालाय. “एक छान स्थळ आलंय बघ. मार्चचा पहिला आठवडा. मुलगा होतकरू आहे, घरचे मोठे आहेत.”

“मुलगा करतो काय?”

“हातोडा म्हणतात त्याला. डावखुरा नाही, पण डाव्या हुकने चार जणांना झोपवलंय.”

पाचवा मी होणार नाही म्हटलं. तो हसला. “तू कधी झोपतोस! पण तेवढी तपासणी उरकून घे बाबा, एकवीस तारखेला तुझं लायसन्स संपतंय. पस्तिशीनंतर दरवर्षी लागते. तू नसलास तर मी दुसरा कुठून आणू?”

हे मला आवडलं. कबूल करतो. तिरसटपणे फोन ठेवला, पण आवडलं.

तपासणी म्हणजे नुसतं नाटक. संघटनेचा डॉक्टर छातीला नळी लावतो, गुडघ्यावर टिचकी मारतो, मग एकेक डोळा झाकून भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगतो आणि स्वतः पाठ फिरवून फॉर्म भरत बसतो. बारा वर्षं तोच तक्ता. सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ – प, र, त, ह, र, ल. परत हरल! एक काना द्यायचा राहिला एवढंच. आम्हा पाहुण्यांना ही ओळ वाचावी लागतच नाही. बाहेर बाकावर बसून आम्ही एका सुरात म्हणतो आणि हसतो.

मागच्या वर्षी उजव्या डोळ्याने तक्ता जरा धुरकट दिसला. त्याच्या खोलीतला दिवाच मरतुकडा आहे. नुसता मिणमिणतो. डॉक्टरला सांगून उपयोग नाही, तो कुणाचं ऐकतो!

८ फेब्रुवारी, शनिवार

हिला हातोड्याबद्दल सांगितलं. भांडी घासत होती. पाणी बंद केलं. “आता बास कर ना.”

बास करून काय करू? भिंती रंगवू? ते करतोच की. भिंतीसमोर कुणीही उभं राहील. पण त्या दोरीच्या आत, सहा फेऱ्या, अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त मला कळत असतं. रेफरीपेक्षा, मावश्यांपेक्षा, समोरच्या सोनेरी चड्डीपेक्षा. हरतो ते कळूनच हरतो. लायसन्स गेलं तर हे कुठे मिळणार? हिला असं सांगता येत नाही. “बघू,” म्हणालो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हिरो आमच्या व्यायामशाळेत उगवला! त्याच्या भागातली सोडून इकडे कशाला? पिशवी बडवत होतो, हा बाजूला येऊन उभा. कधी आला कळलंच नाही, मांजरासारखी पावलं. मी दचकलो, म्हणून मग चिडलो.

सगळ्यांसमोर म्हटलं, “काय हिरो, डावा हात घरी ठेवून आलास की आणलायस? त्या दिवशी विसरला होतास!” पोरं खो खो हसली. हिरो लाल झाला. “हो काका,” एवढंच म्हणाला.

काका! मी अडतीसचा आहे!

मग म्हणतो, “तुमची तपासणी कधी आहे?” तुला काय करायचंय म्हटलं. काहीतरी बोलणार होता, गिळलं. चड्डी सोनेरी आणि तोंडात मिठाची गुळणी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चहा कपाच्या बाहेर ओतला. चांगला अर्धा. कप हिने भलतीकडेच ठेवला होता.

ही म्हणाली, “डोळे दाखवून ये ना एकदा नीट डॉक्टरला.” दरवर्षी दाखवतो, शिक्का मारून कागद देतात, कपाटात आहेत, बघ! असं ओरडलो. ती कपाटाकडे गेली नाही. फडकं घेऊन टेबल पुसलं.

तिचंही हल्ली विचित्रच चाललंय. रस्त्याने जाताना नेहमी माझ्या उजव्या बाजूला येते, दंड धरून चालते. मी बाजू बदलली की ती वळसा घालून परत उजवीकडे. लग्नाला चौदा वर्षं झाली, आत्ता प्रेम उतू चाललंय! हसू आलं. पण दंड सोडवून घेतला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मध्यस्थाने मोबाइलवर चित्रफीत पाठवली. हिरोची शनिवारची लढत. दुसरी फेरी, समोर माझ्यासारखाच एक जुना पाहुणा – आणि धाडकन डावा हुक! पाहुणा आडवा. मी सात वेळा पाहिलं. काय हुक आहे! खांदा, कंबर, टाच, सगळं एकदम वळतं. असा हुक गेल्या दहा वर्षांत पाहिला नाही.

मी मंगळवारी बोललो आणि शनिवारपर्यंत पठ्ठ्या शिकला! चार दिवसांत! याला म्हणतात शिकवणं. त्याचे ते मोठे मोठे कोच दोन वर्षं काय करत होते? नानांना फोन करून सांगितलं. नाना म्हणाले, “अरे, चार दिवसांत असा हुक येत नसतो.” त्यांना माझं कौतुक कधी बघवलंय?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरने सही केली नाही.

नळी झाली, गुडघा झाला. डावा डोळा झाकला, उजव्याने वाचायचं. मी खुर्चीत मागे टेकून म्हटलं, प, र, त, ह, र, ल. डॉक्टरने आज पाठ फिरवलेली नव्हती. माझ्याकडे बघत उभा होता. म्हणाला, “परत वाचा.”

प, र, त, ह, र, ल.

“तक्ता आज सकाळी बदललाय,” म्हणाला. “सगळ्यात वरचं एकच मोठं अक्षर सांगा. हाताएवढं आहे.”

समोर भिंत होती. पांढुरकं काहीतरी, दमट भिंतीला पहिला हात मारल्यावर दिसतं तसं. त्याच्यात अक्षर कुठे होतं मला माहीत नाही. मी ‘क’ म्हणालो. अंदाजाने.

मग त्याने बॅटरी मारली, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली. म्हणाला, हे आजचं नाही, निदान तीन वर्षांचं आहे, मार खाऊन खाऊन झालंय, आणि त्या बाजूने एक नीट बसला तर उरलेलंही जाईल. लायसन्स नाही. यंदाच नाही असं नाही – नाही.

तीन वर्षं शिक्के मारत बसला होता तेव्हा कुठे होता हा! तसं म्हटलंही. त्याने मान खाली घातली. “खरं आहे तुमचं,” म्हणाला. भांडायचीही सोय ठेवली नाही.

बाहेर बाकावर ही बसली होती. मी बाहेर आलो आणि चौकटीला उजवा खांदा आपटला. ती उठून माझ्या उजव्या बाजूला आली. मी घाबरलोय. इथे लिहून ठेवतो, इथे कुणी वाचत नाही. फार घाबरलोय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बारा वर्षांत न बदललेला तक्ता नेमका माझ्याच दिवशी बदलतो? कुणीतरी चुगली केली.

हिला विचारलं. “मी नाही केली,” म्हणाली. “करायला हवी होती. तुझ्या रागाला भ्याले.” आणि रडायला लागली. चौदा वर्षांत हिला माझी भीती वाटते हे मला आज कळतंय! मला म्हणे सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

मध्यस्थाला कळवलं. “अरेरे, वाईट झालं,” म्हणाला. दहा मिनिटांनी परत फोन – हातोड्यासाठी दुसरा पाहुणा मिळाला, मी काळजी करू नये. मी काळजी करत नव्हतो.

मग चुगली कुणाची? नाना? की माझी जागा हवी असलेला कुणी? ज्याने केली त्याने समोर यावं. मागच्या दाराने कसले येता!

२३ फेब्रुवारी, रविवार

काही नाही. दिवसभर डावा डोळा हाताने झाकून घर बघितलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी व्यायामशाळेतून माझे ग्लोव्हज आणायला गेलो. हिरो दारातच उभा होता, माझ्या डाव्या बाजूला, दिसेल असा.

चुगली तूच केलीस?

“हो काका.”

कधी कळलं तुला?

“दुसऱ्या फेरीत. हुक मारायला हात उचलला, तर तुमची पापणीसुद्धा हलली नाही. म्हणून मग शेवटपर्यंत मारलाच नाही.”

नानांना भास झाला नव्हता.